तपासले, ठीक

फरदडीची वेचणी चालली होती.
शेवंता नेवारेला आधी दिसलं.
"पाय वं, थे इमान कसं करून राह्यलं."
नाक वर, मग खाली, मग पुन्हा वर,
नवा गोऱ्हा मानेवर जू घेऊ देत नाही तसं.
बायका हसल्या.
हे त्यांनी चौकशीत कोणालाच सांगितलं नाही.

मी जिनिंगात होतो, तीन नंबरच्या रेच्यापाशी.
आवाज आला तेव्हा वाटलं, आपलंच काही फुटलं.
बाहेर आलो तर
अडाण नदीच्या पलीकडे धूर उभा.

काय पाहिलं ते विचारू नका.
तुऱ्हाटी जळत होती, एवढं सांगतो.
आणि किल्ल्यांचा एक जुडगा होता, सात किल्ल्यांचा,
त्यात एक बारकी, पितळेची, देवाच्या कपाटाची असावी.
कुठंतरी ती सातही कुलपं
लागलेली असतील, धडधाकट.

चौथ्या दिवशी धुऱ्यावर मला बोल्ट सापडला.
बोटाएवढा. शेंड्याला आरपार भोक,
कॉटर पिनेचं.
उन्हाकडे धरून पाहिलं.
भोकाच्या कडेला एक ओरखडा नाही.
पिन तुटते तेव्हा काहीतरी मागे ठेवून जाते,
कीस, डाग, निदान खरचटल्याची रेघ.
ही तुटली नव्हती.
ही कोणी घातलीच नव्हती.

नथ्थू वाढयाला दाखवला.
त्यानं तो तळहातावर तोलला, बराच वेळ.
"दमणीच्या चाकालेई खीळ घातल्याबिगर
मी बैल जुपू देत नाई.
अन् हे तं उडवाचं होतं नं, बावा?"

साहेब आले, हातमोजे घालून.
बोल्ट पिशवीत गेला, पिशवीवर नंबर पडला.
"नाव?"
देवानंद खोब्रागडे. फिटर.
फिटर म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.
"मग तुम्हाला कळलंच असेल."
"व्हय."
दोघंही पुढं काही बोललो नाही.

अहवाल यायला दोन वर्षं लागली.
मास्तरांनी पारावर मोबाइलवरून वाचला,
अवघड शब्द गाळत गाळत.
शेपटीचा पंख हलवणारी दांडी. तिचा बोल्ट. त्याचा नट.
पिन नाही म्हणून नट सुटत गेला,
एका उड्डाणाला पाव आटा, कधी अर्धा,
चाळीस दिवस.
रोज माणसं चढली, उतरली,
कोणी चहात साखर कमी म्हणून कुरकुरलं असेल.
कागदावर मात्र दोन सह्या होत्या,
एक लावणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची.
शाई एक. वेळ एक.
तपासले, ठीक.

पारावरचे लोक शिव्या देत उठले.
मला उठता येईना.

ऑफिसात खिळ्याला टांगलेलं एक रजिस्टर आहे.
रेचे चौदा, रकाने सहा.
शनिवारी बसून मी अख्खा आठवडा भरतो.
तेल, ठीक. पट्टा, ठीक. गार्ड, ठीक.
पहिल्या ओळीला अक्षरं,
खाली सगळीकडे नुसती दोन दोन टिंबं.

त्या रात्री बॅटरी घेऊन चौदाही पाहिले.
तेरा बरे होते.
अकरा नंबरच्या गार्डला पिनेच्या जागी
तारेचा तुकडा, पिळून बसवलेला.
पीळ ओळखीचा होता. मी डावरा आहे,
माझा पीळ उलटा पडतो.
कधी घातली, आठवेना.
अकरा नंबरवर कापूस टाकते ती
पैकू उईकेची सून, वेणी कमरेखाली जाणारी.

स्टोअरला कुलूप. किल्ली घरी, मालकाकडे.
मी रेच्याचा खटका पाडला
आणि समोर स्टूल टाकून बसलो.
पाळी सुरू झाली. सुपरवायझर धावत आला,
"काऊन बंद केला?"
मी बॅटरीचा उजेड तिथं पाडला.
त्यानं वाकून पाहिलं.
"तार तं हाये नं,"
तो म्हणाला.